कोणते राऊत

५ फेब्रुवारी १९५७. नवेगाव बांध.

ही वही गोंदियाला घेतली त्याला तीन महिने झाले. पहिलं पान अजून कोरंच. कधी शिसपेन्सिल नव्हती, कधी बूड टेकायला जागा नव्हती, असं स्वतःलाच सांगत आलो. ते खोटं. वहीत तरी खरं लिहावं लागणार, अन् खरं एकदा कागदावर उतरलं की कुणाच्याही हाती पडू शकतं, म्हणून टाळलं. आज लिहितो, कारण दिवसभर तोंड सांभाळून जबडा दुखायला लागलाय.

तर खरं. मी शालिक राऊत. वय बावीस, सातवी नापास. जात महार. इथं सगळे मला कुणबी समजतात. मी समजू देतो.

एवढं लिहून बाहेर डोकावून आलो. कुणी नाही. वही छपराच्या गवतात खोचून ठेवीन.

६ फेब्रु.

कसं झालं ते. बिरसीला धावपट्टीवर गवत कापायला होतो. लढाईच्या वेळची धावपट्टी. विमान क्वचित, म्हशी रोज. कंटाळलो. कोहमाऱ्याकडं ट्रक निघालेला दिसला, चढलो. कोहमाऱ्याला हॉटेलात कुणी म्हणालं, नवेगावचा तलाव पाहा, एवढं पाणी की पलीकडचा काठ दिसत नाही. पाहायला आलो. (काठ दिसतो.) जाळं टाकणाऱ्यांच्या नादात दोन दिवस गेले. पोट ओरडायला लागलं तेव्हा बिडीच्या कारखान्यात काम विचारलं.

मुनीमजी गोंदियाचे, हिंदीच बोलतात. नाव विचारलं. शालिक राऊत.

"राऊत? कुनबी ना?"

मी मान हलवली. उभी की आडवी, आता मलाच आठवत नाही. राऊत आपल्याकडं कुणब्यांत आहेत, तेल्यांत आहेत, आमच्यातही आहेत. अन् मी आईवर गेलोय, रंगानं उजळ. मुनीमजींनी रंग पाहिला, उरलेलं मनानंच भरलं, अन् बोट दाखवलं: "अंदर बैठो."

कारखाना म्हणजे एक लांब गवती मांडव. आतल्या बाजूला कुणबी, तेली, कोहळी. दाराशी आमचे लोक. मडकी दोन, एक आत एक दाराशी. आतल्यावर तांब्या पालथा ठेवलेला. दाराशी कुणी तरी वरून पाणी वाढणार, दुसऱ्यानं ओंजळीत प्यायचं. कायदा होऊन वर्षं झाली. कायद्याला नवेगावचा रस्ता सापडायचाय.

७ फेब्रु.

राहतो डोमाजींच्या पडवीत. कुणबी, घरची धानाची शेती, पन्नाशीचे, बोलायला लागले की थांबत नाहीत. आपल्यातलं शिकलेलं पोरगं मांडवात झोपतं हे त्यांना बघवेना, स्वतः येऊन गाठोडं उचललं. मी काकाजी म्हणतो. काकू पितळी ताटात भात वाढतात, वर जवसाची चटणी. पहिल्या दिवशी ताट धुवायला उचललं तर काकूंनी हातातून घेतलं. म्हणाल्या, पाव्हण्यानं ताट धुतलं तर घराला शोभत नाही.

माझं उष्टं ताट त्या रोज धुतात. कळलं तर त्यांना काय वाटेल, ह्याचा विचार मी भात खाताना करत नाही. नंतर करतो.

काकाजींना कळलं तर काय होईल त्याचाही. आमच्या शेजारगावात एकानं असंच... नको. नाही लिहीत.

९ फेब्रु.

पुस्तकाबद्दल लिहायचंच राहिलं. गोंदियाला रद्दीच्या दुकानात मिळालं. हिंदी. पुठ्ठा नाही, पहिली सोळा पानं नाहीत, सतरापासून सुरू. म्हणून पुस्तकाचं नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाही, अन् गोष्ट सांगणारा सगळीकडं 'मैं' म्हणतो, म्हणून त्याचंही नाही. अमेरिकेतला काळा माणूस. आजा गुलाम होता. हा रेल्वेचे डबे झाडतो, बायको गोऱ्यांचे कपडे धुते. स्टेशनावर नळ दोन, एकावर पाटी, गोऱ्यांसाठी. पहिल्यांदा वाचलं ते रद्दीच्या ढिगावर बसूनच. दुकानदारानं हाकललं तेव्हा उठलो.

इथं हात गुंतलेले, कान मोकळे. आठवड्याभरापूर्वी मी सहज दोन पानं आपल्या बोलीत करून ऐकवली. आता रोज दुपारी वाचावं लागतं. माझं काम बुडू नये म्हणून जो तो आपल्या वळलेल्या बिड्यांतल्या पाच माझ्या सुपात टाकतो. आतल्यांच्या पाच, दाराशी बसणाऱ्यांच्याही पाच. सुपात कुणाची कोणती, ब्रह्मदेवाला कळणार नाही. त्याला कुणाची हरकत नाही.

माझं नाव मास्तर पडलंय. सातवी नापास मास्तर.

१० फेब्रु.

आमच्या जिभेला ळ येत नाही. काळा नाही, कारा. मी वाचतो, "कारे लोक." पहिल्या दिवशी सगळा मांडव हसला. इथं कोण कारा नाही, मीच तेवढा फिका.

दाराशी सु.बाई बसतात. सुभद्राबाई, आमच्यातल्या. साठीच्या पुढं, बिडी सगळ्यांत घट्ट त्यांचीच. आज त्यांनी विचारलं, त्या कारे लोकाईची जात कोनती? मी सांगितलं, जात नाही, नुसता रंग. त्या थोडा वेळ दोरा गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या,

"मंग त्याईचं बरं. लांबूनच ओरखू येते. इथं तं नाव पुसा लागते, गाव पुसा लागते."

सगळे हसले. मीही हसलो. 

त्या माझ्या आजीच्या वयाच्या. आतल्या बाजूचं कुठलंही पोरगं त्यांना नुसतं सुभद्रा म्हणतं. मलाही तसंच म्हणावं लागतं. दर वेळी आधी खोकतो. बिडीच्या कारखान्यात खोकणं कुणाला खटकत नाही, तेवढं बरं.

१२ फेब्रु.

आज सुटी. पुढचं वाचून ठेवावं म्हणून पुस्तक घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर गेलो. वाटेत एक पाणकोंबडी अन् तिची पिलं, त्यांच्या मागं तासभर. मग वाचलं.

वाचायला नको होतं. गोष्ट सांगणाऱ्याचा लहान भाऊ रंगानं गोराच निघालेला. तो दूरच्या शहरात जातो, गोऱ्यांच्या डब्यात बसतो, गोऱ्यांच्या हॉटेलात नोकरी करतो, गोरी बायको करतो. कुणाला कळत नाही. पाच-सात पानं तो नुसता भीतीत जगतो. कुणी नाव विचारलं की काय, कुणी टक लावून पाहिलं की काय.

पुस्तक मिटून बसलो. हे कुठल्या तरी अमेरिकेत लिहिलेलं, गोंदियाच्या रद्दीत आलेलं, अन् माझंच.

१४ फेब्रु.

वाचलं नाही. म्हणजे ते प्रकरण. वाचता वाचता पानांचा गठ्ठा उलटला अन् मनानंच सांगितलं, लहान भाऊ नदीत पोहायला गेला, बुडून मेला. आई फार रडली. झालं. पुढचं प्रकरण.

मुनीमजी खराब बिड्या वेगळ्या काढत होते. मान वर न करता विचारलं, कितने पन्ने पलटे मास्टर? मी म्हणालो चिकटली होती.

सु.बाईंनी आज पुढं काही विचारलं नाही. एरवी विचारतात.

१५ फेब्रु.

बाबा आठवले. गेल्या दसऱ्याला बाबा नागपूरला जाऊन आले. मी तेव्हा बिरसीत. दिवाळीत घरी गेलो तर देव्हाऱ्याची जागा मोकळी, सारवलेली. देव नाल्यात सोडून आले. माणूस तोच, बसायची तऱ्हा बदललेली. मला म्हणाले, आता मान खाली घालून चालायचं नाही, शालिक. मी दोन दिवसांत निघालो. भांडण नाही, काही नाही. मला कुठंच फार दिवस थांबवत नाही. परत बिरसी, अन् तिथून इथं.

बाबांनी मान वर केली अन् मी इथं नाव दडवून बसलोय. हे त्यांना कोणत्या शब्दांत...

१७ फेब्रु.

मोठं संकट. जेवताना काकाजी म्हणाले, आमच्या धाकट्या बहिणीची पोरगी आहे, कौसा. चौथी शिकलेली, कामाला चपळ. मग म्हणाले, तूही चांगला दिसतोस, बिड्या वळत किती दिवस राहशील. काकू गालात हसत भात वाढत होत्या. मग प्रश्न आला.

"तुमी कोनते राऊत, बापू? सोयरे कोनकोनते?"

तीन महिने नुसत्या आडनावावर भागलं. सोयरिकीला आडनाव पुरत नाही. तिथं आजा, पणजा, मामाचं गाव, आत्या कुठं दिली, सगळं उकरतात. मी ठसका लागल्याचं केलं. पाणी प्यायलो. ते थांबले. शेवटी म्हणालो, बाप लहानपणीच गेला, मला फार माहीत नाही, एक मामा आहे.

"कोनत्या गावचा?"

"कोहमाऱ्याचा." जे गाव तोंडात आलं ते.

आईला भाऊ नाही. म्हणूनच मामा म्हणालो. नसलेल्या माणसाला कोण शोधणार, असं त्या घटकेला वाटलं. अन् बाबांना जिवंतपणी मारलं. आधी त्या भावाला बुडवलं, आता बाबा.

१९ फेब्रु.

आज नळाचं प्रकरण वाचलं. उन्हाळा, स्टेशन, त्याची लहान मुलगी तहानेनं रडते. काळ्यांचा नळ कोरडा. ती चुकून दुसऱ्या नळाला तोंड लावते. गोरा शिपाई काठी उगारतो, तिथं मी थांबलो.

आतली बाजू फार चिडली. काकाजींचा चुलतभाऊ तर म्हणाला, लेकराले पानी नाई देत, मानसं होत का ती, त्याईच्या तोंडात माती. इतरही बोलत होते. त्या गोऱ्यांना इतक्या शिव्या अमेरिकेतही कुणी दिल्या नसतील. मग चुलतभाऊ उठला, आतल्या मडक्यापाशी गेला, तांब्या भरून घटाघटा प्यायला, तांब्या पालथा घालून जागेवर आला.

दाराशी कुणी तरी फसकन हसलं. पदर तोंडाला लावलेला, पण सु.बाईच. तो म्हणाला, काऊन हसून रायली ओ?

"काई नाई पाटील. त्या पोरीची माय कपडे धुवे ना त्याईचे. धुतलेला सदरा आंगावर चालते, हात चालत नाई. आता आमच्या हातची बिडी बी तं मानूस तोंडातच धरते."

मांडवात कात्र्यांचा आवाज थांबला. मुनीमजी खाकरले अन् म्हणाले, चलो चलो, हाथ चलाओ. हात चालू झाले.  माझ्या सुपात आज आतल्यांपैकी दोघांनीच बिड्या टाकल्या.

पुस्तक बंद करावं का. कुणी बंद कर म्हणालं नाही. चुलतभाऊच जाताना विचारून गेला, पोरगी वाचली का? उद्या सांगतो म्हणालो.

२१ फेब्रु.



सकाळी तलावावर गेलो. तेंदूपत्त्यावर ओलं टाकायचं गोणपाट धुवायला सु.बाई आलेल्या. आसपास कुणी नाही. दगडावर गोणपाट आपटता आपटता विचारलं,

"तो लहान भाऊ नदीत बुडला नाई ना, मास्तर?"

मी तोंड धुवायला वाकलो.

"तू बुडवला त्याले. काऊन बुडवला?"

पहिल्यांदाच तू म्हणाल्या. आतल्या बाजूच्या पोराला त्या अहो-जाहो करतात.  मी काही तरी बोलायला गेलो, त्यांनी हात वर केला.

"तू पयल्या दिवशी आतल्या मडक्यापाशी गेलास. तांब्या मडक्यावरच होता. तू त्याच्याकडं पाह्यलंच नाई. वाकला अन् ओंजर धरून उभा रायला. कोनी तरी वाढन म्हनून." गोणपाट पिळलं. "कुनब्याचा पोट्टा भरल्या मडक्यापाशी ओंजर धरत नाई, बाबू. तांब्या उचलते."

मला ते आठवतसुद्धा नाही. तहान लागली होती, एवढंच आठवतं. बावीस वर्षं जसं पाणी प्यायलो तसा उभा राहिलो असेन.

विचारलं, आणखी कोणी पाहिलं?

"पाह्यलं साऱ्याईनं. समजलं मले. त्याईले कायले समजन? त्याईनं कधी ओंजर धरली?"

मी तिथंच खाली बसलो. माय, म्हणालो.  त्या म्हणाल्या, त्या कुणाला सांगणार नाहीत. त्यांना काही नको. फक्त त्या भावाचं पुस्तकात खरं काय झालं ते वाचून दाखवायचं. मी म्हणालो, इथंच सांगतो. तर नाही. म्हणाल्या, सगळ्यांसमोर बुडवलास, सगळ्यांसमोर काढ.

त्यांचा एक मुलगा आठ वर्षांपूर्वी नागपूरच्या गिरणीत कामाला गेला. परत आला नाही, निरोप नाही. मी भावाला बुडवलं त्या दिवसापासून त्यांना भात गोड लागलेला नाही.

"तुह्यासारखा कोठी आतल्या बाजूले बसला असन तरी चालन मले. माय मेली म्हनून सांगत असन तरी चालन. जिता असला म्हंजे झालं."

२३ फेब्रु.

वाचलं नाही. मधली, विनोदाची पानं वाचली. सु.बाई माझ्याकडं बघतही नाहीत. बिड्या मात्र टाकतात, मोजून पाच.

वाचलं तर? भावाच्या गोष्टीनं मी कसा उघडा पडेन, असं मन सांगतं. गोष्ट आहे, लोक ऐकतील, सोडून देतील. पण तो भाऊ ज्या ज्या गोष्टीला भितो ते मी तोंडानं म्हणणार, अन् मांडव माझ्या तोंडाकडं पाहणार. मला अभिनय येत नाही. शाळेतल्या नाटकात झाड केलं होतं, तेही हललं.

२४ फेब्रु.

काकाजी मंगळवारी बैलबंडी घेऊन कोहमाऱ्याला निघणार. नांगराचा फाळ आणायचा आहे. काकू म्हणाल्या, नुसता फाळ नाही, पोराच्या मामालाही भेटून येतील. मामाचं नाव विचारलं. मी म्हणालो, आम्ही मामाच म्हणतो.

काकाजी म्हणाले, हरकत नाही, तुझ्या नावानं विचारीन, शालिक राऊताचा मामा कोणता म्हणून. छोटं गाव.

जेवण गेलं नाही. काकूंना वाटलं, लाजलो.

२६ फेब्रु., मंगळवार.

बंडी पहाटेच गेली. गुरुवारी परत. म्हणजे माझ्याकडं दोन दिवस.

गाठोडं बांधलं. कामावर न जाता सरळ सडकेला लागलो. अर्जुनीकडं जाणारा ट्रक गाठायचा, पुढचं पुढं. आजवर असंच केलंय. गोंदियाच्या गिरणीतून असाच निघालो, देवरीच्या लाकूडटालावरून असाच. कुठं काही अडलं की मी दुसऱ्या गावात असतो.

पाळीवरून जाताना ढीवर लोक मोठं जाळं ओढत होते. बारा-तेरा माणसं, पाण्यात कमरेपर्यंत. जरा पाहू म्हणून उभा राहिलो. जाळं जड लागलं, एकानं हाक दिली, लाव बावा हात. लावला. मासे आले, चिखल आला, एक कासव आलं, ते सोडून दिलं. डोकं वर केलं तर ट्रक पाळीच्या टोकाला धूळ उडवत चाललेला.

धावलो असतो तर मिळाला असता. धावलो नाही. माझ्या चंचलपणानं मला थांबवलं की आणखी कशानं, खरंच सांगता येत नाही. पण कुठूनही निघताना मागं कुणाचं काही ठेवलंय असं कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. एक माणूस नदीत बुडवून ठेवलाय.

गाठोडं घेऊन परत. ओल्या धोतरानं.

२७ फेब्रु., बुधवार.

वाचलं.

सुरुवातीलाच म्हणालो, मागं काही पानं सुटली होती, ती आज घेतो. मुनीमजींनी मान वर केली. मी भावापासून सुरू केलं. त्याचा गोरा रंग, गोऱ्यांचा डबा, नोकरी, बायको. पहिली दोन पानं माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग यायला लागला.

पुढं आई मरायला टेकते. मोठा भाऊ, आपला 'मैं', डबे झाडता झाडता त्या शहरात पोचतो, पत्ता शोधतो, दार वाजवतो. दार उघडते गोरी वहिनी. मागून लहान भाऊ येतो. दोघं भाऊ समोरासमोर. वहिनी विचारते, हा कोण? लहान भाऊ म्हणतो, आमच्याकडचा जुना गडी. मोठा भाऊ टोपी काढतो अन् म्हणतो, हो बाईसाहेब, जुना गडी. आई आजारी आहे हे तो मालकीणबाई आजारी आहेत असं सांगतो. अन् जिना उतरतो.

इथं मी थांबलो. पानं होती पुढं, पण थांबलो.

काकाजींचा चुलतभाऊ म्हणाला, सख्ख्या भावाले गडी म्हनते, हरामखोर. दुसरा म्हणाला, बायकोसमोर काय सांगन मंग, मार खाईन का? वाद लागला. कुणी त्याच्या बाजूनं, कुणी विरुद्ध. मला वाटलं निभावलं.

तेवढ्यात मुनीमजी म्हणाले, "एक बात बताओ मास्टर. ये तो ज़िंदा है. फिर उस दिन तुमने इसको नदी में क्यों डुबाया?"

 सगळे माझ्याकडं. चुलतभाऊही, डोळे बारीक करून.  नागव्यानं उभं राहावं तसं वाटलं. 

दाराशी सु.बाईंनी बिडीचं टोक नखानं दुमडलं.

"बुडला नसन मुनीमजी. पोहून निंघाला असन. गोऱ्याईच्या बाजूनं."

हशा पिकला. मुनीमजीही हसले, पण माझ्यावरची नजर काढून नव्हे. मी पुस्तक मिटलं. सु.बाई हसत नव्हत्या. सुटीच्या वेळी जवळून जाताना हळूच म्हणाल्या, जिता तं हाये ना. एवढंच. चेहरा मोकळा होता त्यांचा, मुलाचं पत्र आल्यासारखा.

उद्या गुरुवार. गाठोडं बांधलेलंच आहे. सोडलं नाही, उचललंही नाही. बाबांना पत्र लिहायला घेतलं. तीन ओळी झाल्या. दुसरी ओळ 'मी इथं खोटं बोलून राहतो आहे' अशी आहे. तिसरी खोडली.

काकूंना मीच सांगावं का. काकाजी यायच्या आत. काकूंनी आज विचारलं, मामाला गोड काय आवडतं.

२८ फेब्रु., गुरुवार. दुपार.

कारखान्याच्या पत्त्याच्या कोठीत बसून लिहितोय. वही आज सोबतच आणली.

सकाळी काकूंना सांगायला दोनदा चुलीपाशी गेलो. दोन्ही वेळा त्या अनरसे थापत होत्या. मी नुसतं, काकू, मला तुमच्याशी... एवढं म्हणालो. त्या म्हणाल्या, माहीत आहे रे, पोरगी पाहायची आहे ना, धीर धर. निघून आलो. ठरवलं, काकाजी आले की सगळ्यांसमोर सांगायचं. कोहमाऱ्यात कुणी मामा नाही हे घेऊन ते येणारच. त्यांनी विचारण्याआधी मी बोलायचं. महार आहे, बाप जिवंत आहे, तुमचं ताट बाटवायचा हेतू नव्हता. वाक्य पाठ करत होतो. मार पडला तर पडला.

आत्ता सु.बाई कोठीत आल्या. पत्ता न्यायच्या निमित्तानं. म्हणाल्या, बंडी आली. मी उठलो. त्यांनी माझा दंड धरला, पहिल्यांदाच मला शिवल्या. म्हणाल्या,

"थांब. एकटा नाई आला तो. तुहा मामा आला."

मी म्हणालो, माय, मला मामा नाही.

त्या म्हणाल्या, मले काय सांगतेस, त्याले सांग. म्हातारा आहे, डोक्याला पांढरा फेटा, हातात छत्री. काकाजींनी कोहमाऱ्याच्या हॉटेलात माझं नाव घेतलं तर हा बाकावरून उठून उभाच राहिला. त्याच्या बहिणीचा पोरगा शालिक राऊत, घरातून निघून गेला त्याला सहा वर्षं झाली. बहीण त्याच्याच नावानं झुरत गेली. तो शालिक दुसराच कुणी.  मांडवात उतरल्यावर कुठं आहे विचारलं, कुणी तरी या कोठीकडं बोट केलं.

सु.बाई पत्त्याची टोपली तशीच टाकून दारात आडव्या उभ्या आहेत. त्यांच्या खांद्यावरून मला फेटा दिसतो.  काकाजी मोठ्यानं सगळ्यांना सांगताहेत, सापडला, सापडला. मुनीमजी आतल्या बाजूला जागा करून देताहेत.

म्हातारा कुणाचंच ऐकत नाही. तो म्हणतोय, बाजूले हो बाई, मले त्याचं तोंड पाहू दे.